दमट हवेतील गुलाब : कोकणासाठी झुडूपवर्गाची निवड व निगा

कोकणपट्टीत गुलाब होत नाही, असे सर्रास म्हटले जाते. या समजुतीस अनुभवाचा आधारही आहे. शाळा, ग्रामपंचायती, प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या आवारांत पावसाळ्याच्या तोंडावर घाटावरील रोपवाटिकांतून गुलाबाची कलमे आणली जातात व वृक्षारोपणाच्या उत्साहात लावली जातात. श्रावणात पानांवर काळे ठिपके उमटतात, भाद्रपदात पाने पिवळी पडून गळतात आणि नवरात्राच्या सुमारास फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. दुसरा पावसाळा सरेपर्यंत वाफ्यात बहुधा नुसता खुंट शिल्लक राहतो.

परंतु त्याच गावात एखाद्या घराच्या खळ्यात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, फिकट वा गडद गुलाबी फुलांचा गावठी गुलाब वर्षानुवर्षे उभा असलेला दिसतो. त्यास कोणी औषध मारीत नाही, शास्त्रोक्त छाटणी करीत नाही. तरी देवपूजेस आणि वेणीस पुरतील इतकी फुले तो देत राहतो. एकाच पावसात एक झाड मरते आणि दुसरे तगते, यामागे निश्चित कारणे आहेत. ती लक्षात घेतली म्हणजे दमट प्रदेशातील गुलाबाचा प्रश्न औषधाच्या बाटलीने सुटणारा नसून जातीची निवड, पाण्याचा निचरा आणि पानांचा कोरडेपणा या तीन गोष्टींनी सुटणारा आहे, हे स्पष्ट होते.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. मेलेल्या झाडांच्या जागी दरवर्षी नवी कलमे घेण्यात सार्वजनिक पैसा खर्ची पडतो. ती जगविण्यासाठी बुरशीनाशकांच्या फवारण्या सुरू केल्या, तर त्या मुलांच्या खेळण्याच्या जागी आणि रुग्णांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होतात. शिवाय गुलाबाचे फूल आपल्याकडे नुसते पाहिले जात नाही. ते केसांत माळले जाते, देवास वाहिले जाते आणि गुलकंदाच्या रूपाने खाल्लेही जाते. यास्तव फवारणीवाचून जगणारा गुलाब कोणता, हा शोध ग्रामसंस्थांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

ओल्या पानाचे गणित

पुण्यास वर्षभरात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीस ३,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. पुण्याच्या हिवाळ्यात रात्रीचे तापमान दहा-बारा अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. किनाऱ्यावर ते सहसा अठरा-वीस अंशांच्या आसपास राहते. घाटावरील गुलाबास कोरडी हवा, रात्रीचा गारवा आणि काही आठवड्यांची विश्रांती मिळते. कोकणातील गुलाबास यांपैकी काहीच पुरेसे मिळत नाही. तेथे झाड बाराही महिने वाढीस लागलेले असते आणि वर्षाचा तिसरा हिस्सा त्याची पाने ओली असतात.

गुलाबाचा सर्वांत उपद्रवी रोग म्हणजे काळा ठिपका होय. डिप्लोकार्पन रोझी या बुरशीमुळे तो होतो. या बुरशीचे बीजाणू वाऱ्याने फारसे उडत नाहीत. ते प्रामुख्याने पाण्याच्या थेंबांबरोबर उडून पानावर बसतात आणि पान सलग सुमारे सात तास ओले राहिले तरच पानात शिरकाव करू शकतात. अठरा ते पंचवीस अंश तापमान त्यांस विशेष मानवते. कोकणातील पावसाळी रात्र ही दोन्ही सोयी त्यांना पुरविते. रोगट पान गळून वाफ्यातच पडते, पावसाच्या थेंबांनी त्यावरील बीजाणू पुन्हा खालच्या पानांवर उडतात आणि रोग पायरीपायरीने शेंड्याकडे चढतो.

पाने गळाल्यावर झाडाची उपासमार सुरू होते. जुन्या फांद्यांत साठविलेले अन्न खर्चून ते नवी पालवी फोडते. तीही रोगाने गळते. दोन-तीन वेळा असे झाले की फांद्यांतील साठा संपतो. अशक्त फांदीत कापलेल्या किंवा खरचटलेल्या जागेतून मर रोगाची बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते. वरवर पाहणाऱ्यास मर हाच मूळ रोग वाटतो. वस्तुतः त्याची सुरुवात श्रावणातल्या पानगळीने झालेली असते.

या गणितातून दोन सूत्रे निघतात. पहिले, पान ओले राहण्याचा काळ शक्य तितका कमी करावा. दुसरे, पाने गळाली तरी लवकर सावरणारा आणि मुळात कमी पाने गाळणारा गुलाब निवडावा. यांपैकी दुसरे सूत्र अधिक मोलाचे आहे. कारण पाऊस थांबविणे कोणाच्याही हाती नाही.

जातीचा इतिहास व तिचा स्वभाव

गुलाबाचा स्वभाव त्याच्या कुळावरून कळतो. युरोपातील जुने गुलाब बहुतांशी वर्षातून एकदाच फुलणारे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील कँटनच्या रोपवाटिकांतून बारमाही फुलणारे गुलाब जहाजांनी युरोपात पोहोचले. त्यांपैकी काही कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानामार्गे गेले आणि त्यामुळे फ्रान्समध्ये त्यांना ‘बंगालचा गुलाब’ असे नाव पडले. उष्ण प्रदेशात, थंडीच्या विश्रांतीवाचून, सतत वाढत व फुलत राहणे हा या चिनी गुलाबांचा मूळ धर्म आहे.

पुढे १८१७ च्या सुमारास हिंदी महासागरातील बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँ बेटावर, शेताच्या कुंपणात एक नवा गुलाब आढळला. तेथे कुंपणासाठी चिनी गुलाब आणि दुहंगामी दमास्क गुलाब शेजारी शेजारी लावीत असत. त्या दोहोंच्या नैसर्गिक संकरातून हा गुलाब जन्मला, असे मानले जाते. १८१९ मध्ये तो पॅरिसला पोहोचला आणि बूर्बाँ वर्गाचा मूळपुरुष ठरला. ‘रोझ एदुआर’ या नावाने ओळखला जाणारा हाच गुलाब भारतात ‘एडवर्ड गुलाब’ म्हणून पसरला. पुढे उत्तर भारतातील रोपवाटिकांनी त्याचा कलमांसाठी खुंट म्हणूनही मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. उष्ण, दमट, सागरी बेटावर जन्मलेला हा गुलाब आपल्या किनाऱ्यावर रुजावा, यात नवल नाही.

आज बाजारात ज्यांस मागणी आहे ते लांब दांड्याचे, एकेरी मोठ्या फुलाचे हायब्रीड टी गुलाब मात्र निराळ्या कुळातले आहेत. या वर्गाचा आरंभ १८६७ मधील ‘ला फ्रान्स’ या जातीपासून मानतात. १९०० मध्ये फ्रान्समधील पेर्ने-द्युशे या संकरकाराने ‘सोलेय दॉर’ ही जात प्रसृत केली. तिच्यात पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातील ‘पर्शियन यलो’ या पिवळ्या गुलाबाचे रक्त होते. त्यातून बागेतील गुलाबांना गर्द पिवळा व नारिंगी रंग लाभला. पण त्याबरोबर काळ्या ठिपक्यास बळी पडण्याचा दोषही अनेक आधुनिक जातींत उतरला. कोरड्या देशाचा रंग दमट देशात महाग पडतो, तो असा.

या उणिवेवर भारतातही काम झाले आहे. भारतीय प्रशासकीय सेवा सोडून कोडाईकनाल येथे स्थायिक झालेले एम. एस. वीरराघवन यांनी भारतातील रानगुलाबांचा संकरासाठी उपयोग केला. बंगालच्या पाणथळ, पुराच्या जागी तगणारा रोझा क्लिनोफिला आणि मणिपूरच्या डोंगरांतील उंच चढणारा रोझा जायगँशिया हे ते दोन गुलाब होत. थंड देशांतील रानगुलाबांपासून निपजलेल्या जाती उष्ण देशाने उसन्या घ्याव्यात, त्यापेक्षा उष्ण देशातील रानगुलाबांपासूनच आपल्या जाती घडवाव्यात, ही त्यामागची दृष्टी होय.

निवड : दहा पावसाळे पाहिलेले झाड

कोकणासाठी झुडूप गुलाबांचे चार गट प्रथम विचारात घ्यावेत. पहिला गट एडवर्ड व त्यासारख्या गावठी सुवासिक गुलाबांचा. दुसरा चिनी व टी गुलाबांचा. ‘ओल्ड ब्लश’ ही त्यातील सर्वपरिचित जुनी जात. यांची पाने गुळगुळीत, फांद्या बारीक व फुले मध्यम असतात. तिसरा गट पॉलिअँथा किंवा गुच्छ गुलाबांचा. यांत फूल लहान पण घोसाने येते, झुडूप ठेंगणे राहते व वाफ्याच्या कडेस शोभते. १९३२ ची ‘द फेअरी’ ही जात या गटातील आहे. चौथ्या गटात ‘ग्रुस आन टेप्लिट्स’ या १८९७ मधील गडद लाल, सुवासिक गुलाबासारखे जुने संकर येतात. उष्णतेत तो उत्तम फुलतो आणि भारतीय उपखंडात सुट्या फुलांसाठी त्याची मोठी लागवड झालेली आहे.

यांपैकी कोणतीही जात रोगमुक्त नाही. त्यांच्याही पानांवर ठिपके पडतात. फरक इतकाच की, त्यांची पानगळ सहसा अपुरी राहते आणि उघडीप मिळताच त्या पुन्हा पालवतात. दमट हवेत गुलाबाकडून एवढीच अपेक्षा ठेवणे योग्य होय.

तथापि पुस्तकातील यादीपेक्षा गावातील पुरावा अधिक विश्वसनीय असतो. ज्या झुडपाने फवारणीवाचून दहा पावसाळे काढले, त्याची परीक्षा त्या मातीने व त्या पावसाने घेतलेली असते. अशी झुडपे शोधून त्यांच्या फांद्यांपासून रोपे करणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. अन्य दमट प्रदेशांतही हाच मार्ग अनुसरला गेला. बर्म्युडा बेटांवर १९५४ मध्ये स्थापन झालेल्या गुलाब मंडळाने जुन्या आवारांत तगून राहिलेले, नाव हरवलेले गुलाब जमविले आणि त्यांस ते जेथे सापडले त्या जागेची वा माणसांची नावे दिली. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९८० च्या दशकापासून हौशी मंडळींनी ओसाड घरे व जुनी कबरस्ताने येथून असे गुलाब गोळा केले. त्याच राज्याच्या कृषी विस्तार सेवेने पुढे बुरशीनाशकांवाचून, केवळ आच्छादनाच्या आधारे गुलाबांच्या चाचण्या घेतल्या. त्यांत निवडल्या गेलेल्या जातींत ‘म्युटॅबिलिस’ हा जुना चिनी गुलाबही होता.

जागा व निचरा

गुलाबास दिवसाकाठी किमान सहा तास ऊन हवे. त्यातही सकाळचे ऊन मोलाचे, कारण रात्रीचे दव व पावसाचे पाणी ते लवकर वाळविते. आंबा-फणसाच्या सावलीत, कुंपणाच्या भिंतीला चिकटून किंवा हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात गुलाब लावू नये. पागोळ्यांखाली तर मुळीच लावू नये. तेथे पाऊस थांबल्यावरही पाणी ठिबकत राहते व उडालेला चिखल पानांवर बसतो. समुद्रालगतच्या गावांत खाऱ्या वाऱ्याच्या आड घर किंवा दाट कुंपण असावे. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचे पाणी गुलाबास सोसत नाही.

कोकणातील बरीचशी जमीन जांभ्याची व आम्लधर्मी आहे. घाटावरील पद्धतीने येथे दोन फूट खोल खड्डा खणून त्यात खत-माती भरली, तर कातळातील तो खड्डा पावसाळ्यात भरलेल्या हंड्यासारखा होतो. भोवतीचा दगड पाणी जिरू देत नाही आणि मुळे कुजतात. म्हणून जागेची साधी परीक्षा आधी करावी. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही उभे दिसले, तर त्या जागी जमिनीत गुलाब लावणे व्यर्थ होय.

अशा ठिकाणी जमिनीच्या वर गादीवाफा करावा. जांभ्याच्या चिऱ्यांची कड रचून ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा वाफा सहज तयार होतो. चिऱ्यांचे सांधे सिमेंटने बुजवू नयेत. त्यांतूनच पाणी पाझरते. वाफ्यात दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग नदीची जाड वाळू असे मिश्रण भरावे. समुद्राची वाळू क्षारांमुळे वापरू नये. गुलाबास सुमारे ६ ते ६.५ सामू मानवतो. मातीचा सामू त्याहून बराच कमी असल्यास चुना द्यावा, परंतु त्याचे प्रमाण माती परीक्षणावरूनच ठरवावे. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ, त्याची संशोधन केंद्रे आणि तालुक्याचे कृषी कार्यालय यांचा सल्ला या कामी घेता येतो.

रोपे तयार करणे

कलम केलेल्या गुलाबात वरचा भाग एका जातीचा व मुळे दुसऱ्या जातीची असतात. दमट हवेत वरचा नाजूक भाग मरतो व खुंट फोफावतो. गुलाब ‘रानटी झाला’ अशी तक्रार ऐकू येते, तिचा अर्थ हाच. एडवर्ड, चिनी व पॉलिअँथा गुलाब छाटापासून स्वतःच्या मुळांवर वाढतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. वादळात वा रोगात वरचा भाग गेला तरी बुंध्यातून फुटणारी फूट मूळ जातीचीच असते.

छाटांसाठी नुकतेच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडावी. १५ ते २० सेंटिमीटर लांबीचा व तीन-चार डोळ्यांचा तुकडा घेऊन खालचा काप डोळ्याच्या लगत खाली द्यावा. खालची पाने काढावीत; वरची एक-दोन ठेवावीत, मात्र ठिपके पडलेले पान एकही ठेवू नये. पावसाचा जोर ओसरू लागला की, ऑगस्टच्या उत्तरार्धात, वाळू व माती समप्रमाणात भरलेल्या पिशव्यांत दोन डोळे मातीखाली जातील असे छाट लावावेत. पिशव्या सावलीत, पण पावसाचा थेट मारा लागणार नाही अशा पडवीत वा मांडवाखाली ठेवाव्यात. माती ओलसर असावी, चिंब असू नये. सर्वसाधारणपणे सहा आठवड्यांत मुळे धरतात. तथापि पालवी फुटली म्हणजे मूळ धरले असे नव्हे. पिशवीच्या तळाशी पांढरी मुळे दिसल्याखेरीज रोप हलवू नये.

किनाऱ्यालगतच्या पुळणीत सूत्रकृमींचा उपद्रव असतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशा वालुकामय जमिनीसाठी ‘फॉर्च्युनियाना’ हा खुंट वापरतात. आपल्याकडे शेणखत व निंबोळी पेंडीचा नियमित वापर हा त्यावरील सुलभ उपाय आहे.

लागवड आणि छाटणी

कोकणात गुलाब पावसाच्या आरंभी लावू नये. नव्या रोपाची मुळे माती धरण्याआधीच त्यास चार महिन्यांचा पाऊस सोसावा लागतो आणि वृक्षारोपणातील बहुतेक अपयश या एकाच घाईतून येते. हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, लागवड करावी. म्हणजे पुढील पावसाळ्यापूर्वी रोपास सहा-सात कोरडे महिने मिळतात. दोन झुडपांत १.२ ते १.५ मीटर आणि पॉलिअँथांत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर राखावे. हे अंतर प्रारंभी विरळ वाटेल, परंतु फांद्यांतून वारा खेळण्यासाठी ते आवश्यक आहे.

छाटणीबाबतही घाटावरील रीत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे हायब्रीड टी गुलाब गुडघ्याएवढा छाटतात. उष्ण-दमट हवेत झुडपास पूर्ण विश्रांती नसते आणि त्याचे राखीव अन्न जुन्या फांद्यांत असते. खोल छाटणीने ते अन्न व पाने दोन्ही एकदम जातात. म्हणून झुडूप गुलाबाची उंची वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये, फार तर एक तृतीयांशाने कमी करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व आत वळलेल्या फांद्या काढून मध्यभाग मोकळा करावा. पहिली दोन वर्षे यापलीकडे काहीही छाटू नये.

पावसाळ्यात छाटणी वर्ज्य समजावी. मर लागलेली फांदी तेवढी उघडीप पाहून, निरोगी पांढरे लाकूड दिसेपर्यंत कापावी. जाड कापावर बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात निरनिराळे कालवून, मोरचुदाचे पाणी ढवळीत चुन्याच्या निवळीत मिसळले की हे मलम तयार होते. लोखंडी भांडे वापरू नये. नारळी-पोफळीच्या बागाईतदारांना बोर्डोचा परिचय आहेच. गुलाबासाठी मात्र त्याचा उपयोग कापांपुरताच ठेवावा, कारण त्याच्या फवाऱ्याने कोवळी पाने करपण्याचा संभव असतो.

आच्छादन, पाणी व खत

मातीवरील आच्छादन हे गुलाबाचे सर्वांत स्वस्त औषध आहे. भाताचा पेंढा, तूस, सुका पाला किंवा नारळाच्या सोडणांचे तुकडे यांचा आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा थर मेअखेर अंथरावा. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. या थरामुळे पावसाचे थेंब मातीवर आपटत नाहीत व खाली पडलेल्या रोगट पानांवरील बीजाणू वर उडत नाहीत. ठिपके पडलेली गळकी पाने आठवड्यातून एकदा वेचून खड्ड्यात पुरावीत. खालच्या वीतभर उंचीतील पाने पावसाच्या आरंभीच काढून टाकल्यास रोगाची पहिली पायरी तुटते.

नोव्हेंबर ते मे या काळात पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे. संध्याकाळी झारीने झुडपावर पाणी शिंपडण्याची सवय प्रसन्न वाटली तरी घातक आहे. त्यामुळे पान रात्रभर ओले राहते आणि कोरड्या ऋतूतही रोगास आमंत्रण मिळते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर प्रत्येक झुडपास दोन घमेली कुजलेले शेणखत व एक ओंजळ निंबोळी पेंड द्यावी. जानेवारीत निम्मे प्रमाण पुन्हा द्यावे. पावसाळ्याच्या तोंडावर युरिया देऊ नये. त्याने लुसलुशीत पालवी येते व रोग तिलाच प्रथम गाठतो.

किडींचा बंदोबस्त

पहिल्या वळवाबरोबर हुमणीचे भुंगेरे रात्री निघतात व गुलाबाच्या पानांची चाळण करतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. पंधरा दिवस हे केल्यास पुढील नुकसान बरेच टळते. जुन्या फांद्यांवर तांबूस-करडे खवले दिसल्यास ते मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात खरवडून काढावेत आणि फार माखलेली फांदी ऑक्टोबरमध्ये कापावी. एप्रिल-मे महिन्यांत लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूस जाळी विणतो. सकाळी पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या पाठीवर मारणे हा त्यावरील उपाय आहे. तेवढ्या वेळेपुरते पान ओले झाले तरी उन्हाने ते तासाभरात वाळते, म्हणून त्यात धोका नाही.

शाळा व ग्रामपंचायतींनी काय करावे

या कामास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पहिल्या वर्षी शाळेने गावातील जुन्या गुलाबांची नोंद करावी. झाड कोणाच्या आवारात आहे, अंदाजे किती वर्षांचे, फुलाचा रंग, वास, पाकळ्यांचा दाटपणा, सप्टेंबरअखेर अंगावर किती पाने शिल्लक होती, इतके रकाने वहीत पुरेत. यांपैकी शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ज्या झुडपावर सप्टेंबरअखेर निम्म्याहून अधिक पाने टिकली, ते मातृझाड मानून पुढील वर्षी घरमालकाच्या संमतीने त्याचे छाट घ्यावेत.

विद्यार्थ्यांना यातून विज्ञानाचा एक उत्तम पाठ मिळतो. एकाच झाडाची दोन रोपे घेऊन एक सकाळच्या उन्हात व दुसरे पागोळीजवळ कुंडीत ठेवावे. दोहोंची पाने सकाळी किती वाजता कोरडी होतात व महिनाअखेर किती ठिपके पडतात, याची नोंद ठेवावी. दोन महिन्यांत रोग, पाणी आणि ऊन यांचा संबंध मुलांना स्वतःच्या नोंदीतून उमगेल.

ग्रामपंचायतीने खरेदीच्या वेळी रोपाची जात, ते कलमी आहे की स्वतःच्या मुळांवर वाढलेले, आणि लागवडीचा महिना या तीन बाबींची विचारणा करावी. जुलैमधील समारंभासाठी नारळ, सोनचाफा किंवा अन्य वृक्ष लावावेत. गुलाबाची लागवड ऑक्टोबरसाठी राखून ठेवावी.

महिला बचत गटांना सुट्या फुलांचा व गुलकंदाचा जोडधंदा करता येण्यासारखा आहे. गुलकंदास एडवर्डसारख्या मऊ पाकळ्यांचे सुवासिक फूल लागते. पाकळ्यांच्या समभाग ते दुप्पट साखर थराथराने बरणीत घालून ती उन्हात मुरवितात. परंतु ज्या झुडपावर रासायनिक फवारणी झाली, त्याचे फूल यासाठी कदापि घेऊ नये. बाजारात फुलवाल्याकडून आणलेल्या शोभेच्या गुलाबांनाही हाच निर्बंध लागू आहे. विक्रीसाठी खाद्यपदार्थ करताना अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक असते, हेही ध्यानात ठेवावे.

मर्यादा व अपेक्षा

या पद्धतीने वाढविलेला गुलाब प्रदर्शनातील गुलाबाची बरोबरी करणार नाही. त्याचे फूल मध्यम आकाराचे असेल, दांडा आखूड असेल, एप्रिलच्या उन्हात पाकळ्या लवकर झडतील आणि ऑगस्टमध्ये झुडूप काहीसे उघडे दिसेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच त्याचा खरा बहर. परंतु ते झुडूप पुढील वर्षी त्याच जागी उभे असेल, त्यावर विषारी औषधाचा अंश नसेल आणि त्याच्या फांद्यांपासून शेजारच्या दहा अंगणांत नवी रोपे गेलेली असतील.

मोठ्या फुलांच्या हौशीने आणलेली कलमे दरसाल बदलीत राहण्यापेक्षा आपल्या हवेत रुळलेले साधे झुडूप जोपासणे हिताचे आहे. कोकणातील जुनी घरे उतरविली जात आहेत व त्यांबरोबर खळ्यांतील अशी झुडपेही नाहीशी होत आहेत. घर पाडण्यापूर्वी त्या अंगणातील गुलाबाचे दोन छाट जरी कोणी पिशवीत लावले, तरी अनेक पावसाळ्यांनी पारखलेली एक जात त्या गावापुरती वाचेल.